होल्स्टचा फर्स्ट सूट: सुरुवात युफोनियमनेच का? (आणि संस्कृतची काय भानगड आहे?)

पन्हाळ्याची पोर:

नमस्कार मंडळी. पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा नववीत आहे, शाळेच्या बँडमध्ये युफोनियम (जाड, खालच्या आवाजाचं मोठं पितळी वाद्य) वाजवतो. वाजवतो म्हणजे, सहावीत त्याला ट्रम्पेट हवं होतं, पण बँडच्या सरांनी त्याचे ओठ बघितले, दात बघितले आणि हातात हे धूड दिलं. पेटी एवढी मोठी आहे की गाडीत मागच्या सीटवर तिला बेल्ट लावून बसवते. ट्रम्पेटवाले मित्र पुढे उभे राहून भाव खातात आणि हा मागे, याच्याहूनही मोठ्या ट्युबाच्या शेजारी. तीन वर्षं हेच रडगाणं ऐकतेय.

आता वसंतातल्या स्पर्धेसाठी सरांनी होल्स्ट नावाच्या माणसाचा 'फर्स्ट सूट इन ई फ्लॅट' काढलाय (सूट म्हणजे कपडे नव्हेत, तीन भागांची रचना). त्याची सुरुवात म्हणे फक्त युफोनियम आणि ट्युबा करतात, बाकी सगळा बँड गप्प. मला वाटलं पोरगं खूश होईल. तर तो पांढराफटक पडलाय. "आई, इथे चुकलो तर लपायला जागाच नाही." तीन आठवडे घरात तेच आठ बार चाललेत. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात, पहिल्या दिवशी म्हणाल्या, "शेजाऱ्यांची म्हैस व्यायला झालीय का गं?" आता त्याच मेथी निवडताना ते गुणगुणतात.

तर जाणकारांनी सांगा. 'प्लॅनेट्स' ही ग्रहांवरची प्रसिद्ध रचना करणारा होल्स्ट तो हाच का? एवढ्या मोठ्या माणसाने बँडसाठी का लिहिलं, आणि सुरुवात या बिचाऱ्या वाद्यांना का दिली? शिवाय कार्यालयातला एक जण म्हणाला की होल्स्टला संस्कृत येत होतं. हे खरं की व्हॉट्सअ‍ॅपवरचं?

निवांत नाना:

वाचतोय. लग्नाच्या वरातीपलीकडे बँडशी आमचा संबंध नाही, पण म्हशीचा किस्सा आवडला.

जुना फुंक्या:

ताई, नमस्कार. मी फौजेच्या बँडमधला, युफोनियमवालाच. गाव सातारा जिल्ह्यात. बावीस वर्षं फुंकलं, आता गावात पोरांना शिकवतो. तुमच्या मुलाचा चेहरा कसा पडला असेल ते मला इथून दिसतंय, कारण तसाच माझा पडला होता.

पचमढीला फौजेचं संगीताचं शिक्षण देणारं केंद्र आहे. तिथे कोर्सला होतो तेव्हा उस्तादांनी हाच पार्ट पुढ्यात ठेवला. तोवर आम्ही मार्च वाजवायचो, सलामीच्या धुना, मेसमध्ये साहेबलोकांच्या जेवणाला हलकंफुलकं काहीतरी. बँडमध्ये असलं की तुम्ही एका मोठ्या आवाजाचा भाग असता. जरा इकडेतिकडे झालं तर साइड ड्रम झाकून घेतो. इथे समोर कागदावर आठ मापं (तुमचे बार), आणि वर लिहिलेलं: हळू वाजवा. जोरात फुंकणं कुणालाही येतं हो. हळू आणि लांब, घाम फुटतो.

आधी होल्स्टबद्दल. होय, 'प्लॅनेट्स'वाला तोच. गुस्ताव होल्स्ट, जन्म १८७४, इंग्लंडात चेल्टनहॅमला. वडील पियानोवाले, यानेही पियानोच वाजवायचा असं ठरलेलं. पण उजव्या हाताच्या शिरांचं दुखणं लागलं आणि पियानो सुटला. मग हातात घेतला ट्रॉम्बोन. त्यावर पोट भरलं त्याने काही वर्षं. ऑपेरा कंपनीबरोबर गावोगाव फिरला, समुद्रकाठच्या करमणुकीच्या बँडमध्ये बसला. त्यातला एक बँड व्हिएन्नाचा असल्याचा आव आणायचा, पांढरा गणवेश घालून. आपल्याकडे सिनेमातल्या गाण्यांवर बँडवाले लाल कोट घालून राजेमहाराजे होतात, त्यातलाच प्रकार. सांगायचा मुद्दा, हा माणूस मागच्या रांगेतून बँड ऐकलेला आहे. तिथे बसून चाळीस मापं गप्प राहायचं, मग दोन सूर फुंकायचे, आणि टाळ्या पुढच्यांना. हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

फर्स्ट सूट १९०९ चा. 'प्लॅनेट्स' त्यानंतरचं, १९१४ ते १९१७ मधलं. तेव्हा लंडनच्या हॅमरस्मिथ भागात मुलींच्या एका शाळेत, सेंट पॉल्समध्ये, तो संगीत शिकवायचा. १९०५ ला लागला, १९३४ ला मरेपर्यंत तिथेच. पोट शिकवण्यावर आणि लिहायचं सुट्टीत, रविवारी.

त्या काळी मिलिटरी बँड म्हणजे दुसऱ्यांचं उष्टं. ऑपेरातले तुकडे, ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं काहीतरी, ते बँडला जमेल असं छाटून वाजवायचं. व्हायोलिनची ओळ क्लॅरिनेटला, चेलोची ओळ युफोनियमला. आमचा पार्ट म्हणजे कायम दुसऱ्याचा उतरवलेला सदरा, बाही आखूड. होल्स्टने सदरा आमच्या मापाने शिवला, एवढंच सांगतो. पोटातून काय वाजतं, कुठल्या सुरावर युफोनियम गोड लागतं आणि कुठे भसाडं, हे डोक्यात ठेवून लिहिलंय. त्याचा दोस्त व्हॉन विल्यम्स, त्याने पुढे १९२३ ला लोकगीतांचा सूट बँडसाठी लिहिला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेन्जरचा 'लिंकनशर पोझी' १९३७ चा. पण पायवाट पाडली होल्स्टनेच.

आता तुमचे आठ बार. पहिल्या भागाचं नाव चाकोन. म्हणजे एक ओळ धरायची आणि ती पुन्हापुन्हा आणायची, तिच्याभोवती बाकी सगळं बदलत न्यायचं. आपल्याकडे पेटीवाला लेहरा धरतो आणि तबलजी त्यावर खेळतो, साधारण तसं समजा. फरक हा की इथे लेहराच एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो. ती ओळ सोळा वेळा येते. पहिल्यांदा तुमचा मुलगा आणि ट्युबा. मग बाकीचं पितळ येतं, मग लाकडी वाद्यं, मध्येच सगळं भरधाव. अर्ध्यानंतर एका ठिकाणी होल्स्ट ओळ उलटी करतो: जिथे सूर वर जात होता तिथे खाली, जिथे खाली होता तिथे वर. तिथे अंधारून येतं. मग तळातून पुन्हा चढत चढत शेवटी सगळा बँड ती ओळ छाती काढून म्हणतो. पण ती जी शेवटी एवढी मोठी होते ना, ती तुमच्या पोराने ठेवलेली असते. पायाचा दगड तिरका बसला तर भिंत सरळ कशी येणार?

सासूबाईंना पेटी येत असेल तर सांगा: सा काळी दोन. पहिले तीन सूर सा, रे, आणि तिथून एकदम उडी मारून ध. हेच तीन सूर पुढच्या दोन्ही भागांच्या, इंटरमेझो आणि मार्चच्या, पोटात आहेत, कधी सरळ, कधी उलटे. म्हणूनच होल्स्टने लिहून ठेवलंय की तिन्ही भाग मध्ये न थांबता सलग वाजवावेत. शाळेचे सर थांबत असतील तर त्यांना सांगू नका, पोराचे मार्क जातील.

आता कामाचं. घाबरायचं कारण सूर चुकणं हे नाही. सूर तर सासूबाईंनाही पाठ झालेत. खरी गोची दोन आहेत. एक, वाद्य थंड असतं. बाकीचे वाजवून वाजवून गरम झाल्यावर येतात, तुमचा मुलगा थंड पितळ घेऊन पहिला सूर काढणार. थंड पितळ सूर खाली ओढतं. सर काठी उचलायच्या आधी एक मिनिट वाद्यात नुसता श्वास सोडायचा, आवाज न काढता, तोंडाने काचेवर वाफ धरतो तसा. पचमढीला जानेवारीत आम्ही वाद्याचं तोंड (माउथपीस) काढून खिशात, नाहीतर काखेत धरून बसायचो. हसू नका, काम होतं त्याने.

दुसरं, श्वास. आठ मापं एका दमात जात नाहीत त्या वयात. आणि जायला हवीत असंही नाही. शेजारी ट्युबावाला आहे ना? दोघांनी मिळून ठरवायचं, हा कुठे चोरून घेणार, तो कुठे. दोघांनी एकाच जागी घेतला की भोक पडतं आणि ते तिसऱ्या रांगेतल्या आजीलाही ऐकू जातं. माझा ट्युबावाला केरळचा होता, ना मला मल्याळम ना त्याला मराठी. आम्ही पेन्सिलने कागदावर टिंबं काढून ठेवली होती, त्याची वर, माझी खाली. ती टिंबं अजून डोळ्यापुढे आहेत.

आणि हे त्याला जरूर सांगा: सेकंड सूट नावाचा दुसरा एक आहे, १९११ चा, एफ मध्ये. त्याच्या पहिल्या मार्चमध्ये 'स्वॉन्झी टाउन' नावाची चाल येते आणि ती युफोनियम एकटं गातं. त्या सूटचा शेवट तर ऐकाच. सहा-आठच्या तालात एक गोल गोल नाचाची चाल चालू असते, तिच्यावर मध्येच 'ग्रीनस्लीव्ह्ज' तीन-चारात तरंगत येते, दोन्ही एकाच वेळी. आणि अगदी शेवटी सगळे गळून पडतात, उरतात दोघंच: सगळ्यात वरचा पिकोलो (छोटी बासरी) आणि सगळ्यात खालचा ट्युबा. मधे अख्खा बँड रिकामा. ती जागा पहिल्यांदा वाजवली तेव्हा कडक शिस्तीतले आमचे उस्ताद खुदकन हसले होते.

संस्कृतचं मला माहीत आहे ते एवढंच की तो मोठा संस्कृत पंडित होता. जास्त कुणी जाणकार सांगेल.

तळटीप:

फुंक्याजी, प्रतिसाद फार सुंदर. टिंबांची गोष्ट विशेष. पण शेवटच्या वाक्याला माझी जात आडवी येते (शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेय, क्षमस्व). पंडित नव्हता. आणि मला वाटतं त्याचं कौतुक तो पंडित नव्हता म्हणूनच आहे.

झालं असं की विशीच्या मध्याला तो भारतीय साहित्याच्या इंग्रजी अनुवादांच्या नादी लागला. ऋग्वेदाची सूक्तं संगीताला बांधायची होती, पण हाती आलेले अनुवाद गाता येण्यासारखे नव्हते. दुसरा कोणी असता तर त्यातलेच त्यातल्या त्यात बरे निवडून मोकळा झाला असता. हा गेला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्कृत शिकायला. फार पुढे गेला नाही, पण शब्दकोश घेऊन एकेका ऋचेशी झटापट करण्याइतकं आलं, आणि मग स्वतःच इंग्रजीत शब्द रचले. त्यामुळे पन्हाळ्याच्या पोरीने ती ऐकताना वेदपाठाची अपेक्षा ठेवू नये. भाषा इंग्रजी, चाल त्याची. 'कस्मै देवाय हविषा विधेम' हे ज्याचं पालुपद आहे, त्या दहाव्या मंडलातल्या सूक्तावरची रचना त्यात आहे. उषा, आप, वरुण, अग्नी आहेत. प्रवाशांचं एक सूक्त आहे, वाट दाखवणाऱ्या पूषन्‌चं. त्याचा तिसरा गट फक्त स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी, तोच आधी ऐका. एकूण चार गट, १९०८ ते १९१२ मधले.

म्हणजे तारखा बघा. १९०९ साली हा माणूस एकीकडे अग्नी आणि वरुणावर बायकांच्या आवाजासाठी लिहितोय आणि दुसरीकडे ट्युबा-युफोनियमवाला फर्स्ट सूट. त्याच्या आदल्या वर्षी, १९०८ ला, त्याने 'सावित्री' नावाचा छोटा ऑपेरा केला. आपली वटपौर्णिमेचीच. आधी 'सीता' नावाचं एक अवाढव्य प्रकरण कित्येक वर्षं लिहीत बसला होता, जर्मन ऑपेरावाल्या वाग्नरच्या थाटात, ते स्पर्धेत पहिलं आलं नाही. पुढे तोच त्याची टिंगल करायचा. 'सावित्री'त मात्र पात्रं तीन: सत्यवान, सावित्री, मृत्यू. वाद्यं बारा. आतून शब्दाविना गाणाऱ्या बायकांचा एक समूह. वेळ अर्धा तास. सुरुवातीला एकही वाद्य नाही. पडद्यामागून मृत्यूचा एकटा आवाज येतो, सावित्रीला हाक मारत. आणि त्याला सावित्री उत्तर देते तेव्हा ती त्याच्या स्वरात येत नाही, दोघांचे सा निराळे.

आपल्या सावित्रीने शंभर पुत्र मागून यमाला पेचात पकडलं. होल्स्टची तसलं काही मागत नाही. ती फक्त जीवन मागते, भरभरून, आणि मग म्हणते की सत्यवानावाचून ते अपुरं आहे. मला सुरुवातीला हे पटलं नव्हतं (शंभर पुत्रांची चतुराई मला आवडते). आता पटतं. मंचावर त्याचा प्रयोग व्हायला मात्र १९१६ उजाडलं.

'मेघदूता'वरही त्याने मोठी रचना केली होती, १९१३ ला लंडनमध्ये झाली आणि आपटली. बिचारा त्याने फार खचला.

तेव्हा फुंक्याजी, तुमच्या पहिल्या आठ मापांत आणि पडद्यामागच्या त्या एकट्या मृत्यूत मला एकच माणूस दिसतो. आधी एकटा आवाज, खालचा, आणि बाकी शांतता.

निवांत नाना:

दोन्ही प्रतिसाद उत्तम. पण एक शंका, राग मानू नये. 'प्लॅनेट्स' गाजल्यावर हा माणूस बँडकडे कशाला वळून बघेल? गरजेपोटी केलेलं काम ते, नंतर सुटलं असणार.

जुना फुंक्या:

नानासाहेब, राग नाही. पण चुकलात.

'प्लॅनेट्स' पहिल्यांदा वाजलं २९ सप्टेंबर १९१८ ला. होल्स्ट नंतर तर जगभर गाजला, आणि त्या गाजण्याने वैतागलाही. तरी १९२८ ला त्याने 'मूरसाइड सूट' लिहिला, इंग्लंडातल्या ब्रास बँडच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी. तिथे खाणीत, गिरणीत राबणारी माणसं संध्याकाळी कॉर्नेट घेऊन बसायची, त्यांच्यासाठी. आणि १९३० ला बीबीसीच्या मिलिटरी बँडसाठी 'हॅमरस्मिथ'. याला मी त्याचं सगळ्यात खोल काम मानतो, माझं मत आहे, भांडायला या. शाळा जिथे होती तोच भाग. खाली थेम्स नदी आपल्या लयीत वाहतेय, वर बाजार, गर्दी, आरडाओरडा, आणि नदीला त्याचं काही नाही. शेवटी गर्दी विरते आणि नदी राहते. ती नदी सुरू कोण करतं? ट्युबा आणि युफोनियम. एकवीस वर्षांनी पुन्हा तीच मागची रांग. वर हॉर्न येतात ते भलत्याच स्वरात, म्हणजे तळटीप बाईंनी सांगितलं तसं, दोघांचे सा निराळे. बाई, हे तुमच्यामुळे आज लक्षात आलं, मी इतकी वर्षं नुसतं वाजवत होतो.

गंमत म्हणजे बँडचा हा 'हॅमरस्मिथ' लोकांसमोर पहिल्यांदा वाजला तो वॉशिंग्टनला, १९३२ मध्ये, अमेरिकेच्या मरीन बँडकडून. ताई, तुमच्याकडे.

आणि संस्कृतचं मागे घेतो. पंडित नव्हता.

आणखी एक, फौजी माणूस म्हणून. मिलिटरी बँडसाठी एवढं लिहिणारा हा गडी फौजेत कधीच नव्हता. पहिल्या महायुद्धात भरतीला गेला तर डोळे अधू, हात दुखरा, परत पाठवला. शेवटी १९१८ ला सैनिकांना संगीत शिकवायला ग्रीसमधल्या सालोनिकाला गेला. तेव्हा नावातला 'फॉन' काढून टाकला, जर्मन वाटायचं म्हणून.

पन्हाळ्याची पोर:

काका, तळटीप ताई, काय बोलू. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं घरात. मराठीतून वाचायचं आणि पोराला इंग्रजीतून समजवायचं, 'उष्टं' या शब्दाला अडले.

ट्युबावाली मुलगी आहे, व्हिएतनामी घरची. परवा आमच्याकडे आली होती, ट्युबा गाडीतून काढायला आम्ही तिघं लागलो. दोघांनी बसून पेन्सिलने टिंबं काढली. तुमच्यासारखीच, तिची वर, याची खाली, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. चौथ्या बारला दोघं एकदम श्वास घेत होते, तेच भोक पडत होतं. आता नाही पडत. मला नाही कळलं, सासूबाईंना कळलं.

सासूबाईंनी मोबाइलवर पेटी उतरवून घेतली. काळी दोन धरून सा रे ध म्हटलं, आणि पुढे भजनासारखं वळण घ्यायला लागल्या. पोरगं म्हणे, "आजी, तसं नाहीये ते." तर म्हणाल्या, "मग तुमच्या होल्स्टचं चुकलंय." उलटी ओळ मात्र त्यांनी ऐकून बरोबर पकडली.

सेकंड सूटचा शेवट पोराने दहा वेळा लावला. आता त्याला पुढच्या वर्षी तेच हवंय, ट्रम्पेटचं नाव नाही तूर्तास. कार्यक्रम गुरुवारी आहे. काका, अजून काही सांगायचं राहिलंय का?

जुना फुंक्या:

पोराला काही नाही. त्याचं झालं.

सासूबाईंसाठी एक आहे. सुरुवात अगदी हळू असते, आणि नेमकं तेव्हाच लोकांना खोकला येतो. त्यांना आधीच खडीसाखर देऊन ठेवा. कागदातली गोळी नको. कागद वाजतो.